तुराट्या, पाचट, डाळिंबाची छाटणी... गावात ब्रिकेट मशीन टाकावं का?

वैराग_कट्टा:
नमस्कार मंडळी. बार्शी तालुक्यातलं गाव हाय आमचं, वैरागच्या पलीकडं, नाव सांगत नाही उगं पाव्हणेरावळे वाचतात इथं. तूर भरपूर, थोडा ऊस बोअरवर, चार-सहा जणांच्या डाळिंबाच्या बागा, आणि ज्वारी तर असतेच. आमच्या शेतकरी गटाच्या मीटिंगला परवा कुणीतरी एक मशीनवाला एजंट आणला. ग्रामपंचायतीत लॅपटॉपवर व्हिडिओ दाखवला, इकडून तुराट्या टाकल्या की तिकडून ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या बाहेर. म्हणला कच्चा माल फुकट हाय, लोकं बांधावर जाळलालेत तेच गोळा करा, एनटीपीसीच्या वीज केंद्राला कोळशात बायोमास म्हणजे काडीकचऱ्याचं जळण मिसळायचं बंधन हाय त्यामुळं माल जागेवरून उचलणार, दोन वर्षात मशीन फिटतं, लोनचं पण आम्ही बघतो. गटातली पोरं तर शेड कुठं मारायचं ते ठरवून मोकळी झाली.

मला एवढंच कळंना की हे खरंच फुकट हाय तर आजवर कुणी का केलं नाही. आणि आमच्या काकू बचत गटाच्या अध्यक्ष हायत, त्या मधीच उठून म्हणाल्या, "कांड्या सोलापूरला इकाल, आमच्या चुलीचं काय? आम्ही धसकटंच वेचायची का?" सगळे हसले पण उत्तर कुणाकडंच नव्हतं. तर ज्यांना अनुभव हाय त्यांनी सांगा की मशीन घ्यावं का, कोणता माल चालतो, आणि गावातल्या घरांना ह्यातनं काही मिळतं का नुसती फॅक्टरीच चालवायची.

डाईंग_बॉयलर:
मी माल घेणाऱ्याच्या बाजूनं सांगतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या डाईंगला हाय मी, आमच्या बॉयलरला लाकूड आणि ब्रिकेट दोन्ही जळतं. गाडी गेटवर आली की मी मधल्या थरातली कांडी काढायला लावतो, वरची नाही, वरची सगळ्यांचीच चांगली असते. हातानं मोडून बघायची. कोरड्या मालाची कांडी कट्कन मोडते आणि आतून दाट दिसते, ओल असली की हातात भुगा. मग त्यातला थोडा भुगा बोटांनी चोळायचा, करकर लागली म्हणजे माती आली. माती म्हणजे राख आणि राख म्हणजे आम्ही रेट कापणार, वाईट वाटून घेऊ नका.

कच्चा माल १०-१२ टक्क्यांच्या वर ओला असला तर कांडी धरतच नाही, मशीनच्या डायमध्ये म्हणजे साच्यात वाफ कोंडून फटाका पण वाजतो. तुराट्या मात्र एक नंबर, लाकडासारखा माल हाय, किलोला ३८०० ते ४२०० किलोकॅलरी धरा, राख कमी. पाचटाचं तसं नाही. पाचटात पालाश (पोटॅश) आणि क्लोरीन जास्त, त्यामुळं राख कमी उष्णतेलाच वितळती आणि जाळीवर दगडासारखा क्लिंकर बसतो, मग बॉयलरवाला सळई घेऊन घाम गाळत बसतो आणि शिव्या सप्लायरला. एजंटच्या व्हिडिओत हे दिसणार नाही.

अजून एक, आपल्या जिल्ह्यात राज्यातले सगळ्यात जास्त साखर कारखाने. गाळप चालू झालं की बाजारात बगॅस म्हणजे उसाचा चोथा येतो आणि ब्रिकेटचा भाव बसतो. भाव मिळतो जुलै ते सप्टेंबर, जेव्हा सगळ्यांचा माल भिजलेला असतो आणि कोरडा माल ज्याच्या शेडात आहे त्याला लोकं फोन करून बोलावतात. म्हणून मशीनपेक्षा शेड मोठं पाहिजे. आणि पेमेंट महिना-दीड महिन्यानं येतं, तेवढं खेळतं भांडवल हाय का गटाकडं ते आधी बघा.

मेकॅनिकलवाला:
वरच्यांनी बरोबर सांगितलं. मी फक्त आकडा मांडतो, कॅल्क्युलेटर घेऊन बसा.

छोटं मशीन तासाला १ टन धरू. ८ तास, वर्षाला २५० दिवस म्हणजे २००० टन माल लागतो. तुरीचं एकरी ५ क्विंटल उत्पादन धरलं तर काड्या त्याच्या अडीच पट, म्हणजे १२ क्विंटलच्या आसपास. त्यातलं अर्धं लोकं स्वतःच्या चुलीला, कुडाला, कुंपणाला ठेवतात, आणि आता तर हार्वेस्टरनं तूर काढतात तेव्हा निम्मा माल चुरा होऊन रानातच पडतो. हाती आले जास्तीत जास्त एकरी ६ क्विंटल. २००० टनाला भागा, ३३०० एकरच्या वर तूर लागते. आहे तुमच्या गावात? नसणार. मग शेजारच्या पाच-सात गावातून आणायचं, आणि इथंच धंदा बसतो. ज्या ट्रॉलीत उसाचे आठ-दहा टन जातात तिच्यात मोकळ्या तुराट्या टन-दीड टन गेल्या तरी खूप, नुसती हवा वाहून आणायची आणि डिझेल मात्र पूर्ण. १०-१५ किलोमीटरच्या बाहेरचा माल परवडत नाही. आणायचाच असेल तर श्रेडर, म्हणजे काड्या बारीक करायचं मशीन, रानात न्या, तिथं बारीक करा, मग भरा.

आणि सगळी तूर निघते डिसेंबर ते फेब्रुवारी. म्हणजे वर्षाचा माल तीन महिन्यात गोळा करून ठेवायचा. "फुकट" माल गोळा करायला, भरायला, साठवायला जे लागतं तीच त्याची किंमत. ज्या दिवशी तुमचं मशीन चालू होईल त्या दिवसापासून तुराट्या फुकट राहणार नाहीत हे पण लिहून ठेवा, शेतकरी काय खुळा नाही.

आता एनटीपीसीचं. बंधन आहे हे खरं आहे, केंद्राच्या २०२३ च्या सुधारित धोरणात कोळशाच्या वीज केंद्रांना २०२४-२५ पासून ५ टक्के आणि २०२५-२६ पासून ७ टक्के बायोमास मिसळायला सांगितलं होतं. आणि सोलापूरजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचे ६६० मेगावॅटचे दोन युनिट आहेत, म्हणजे गिऱ्हाईक मोठं आहे. पण एजंटनं एक गोष्ट गाळली. त्यांना पेलेट लागतात, जास्तीत जास्त २५ मिलीमीटर जाडीच्या गोळ्या, ज्या कोळशाच्या मिलमध्ये दळल्या जातात. तो जे मशीन विकतोय त्याची कांडी ६० ते ९० मिलीमीटरची. ती तिथं चालत नाही. पेलेटचं मशीन वेगळं, माल जास्त बारीक दळावा लागतो, वीज जास्त खातं, आणि सप्लाय टेंडरनं, रोजच्या ठरलेल्या टनानं. एका गावाच्या गटाचं काम नाही ते, एखादा मोठा पेलेटवाला असेल त्याला चुरा विकता येतो. एजंटला सरळ विचारा की "जागेवरून उचलणार" हे कुणाच्या लेटरहेडवर आहे.

टेंभुर्णी_उसवाला:
तुरीचं तुम्ही काय करायचं ते करा पण पाचटाला हात लावू नका एवढी हात जोडून विनंती. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं, म्हणजे एकरी ३-४ टन. त्यात अर्धा टक्का नत्र, ०.२ टक्के स्फुरद, ०.७ ते १ टक्का पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब. नुसतं पालाशच एकरी २५-३० किलो होतंय की ओ. ते कांडी करून एमआयडीसीत जाळायचं, तिथं त्यांच्या जाळीवर त्याचा दगड होणार, आणि आपण पोटॅशचं पोतं उधारीवर आणायचं, ही कुठली अक्कल? आपल्या रानाचा कर्ब आधीच कमी, उजनीच्या पाण्यावर भिजवून भिजवून चोपण व्हायला लागलंय.

तोडणी झाली की बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीत ओढायचं, आणि टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो कुजवणारे जिवाणू. म्हणजे एकराला युरिया अर्धं ते पाऊण पोतं. पाणी दिलं की झालं. चार-साडेचार महिन्यात हातानं कुस्करलं जातं. पाण्याची पाळी लांबते हे वेगळंच, उन्हाळ्यात बोअर गुळण्या टाकायला लागला की पाचट ठेवलेला खोडवा आणि जाळलेला खोडवा बांधावरून ओळखू येतो.

कुर्डुवाडी_जंक्शन:
सगळं खरं, पण कुणी पाचट ठेवलं की शेजारचा बांध पेटवताना ते पेटतंच, वर उंदीर होतात आणि मजूर आत जायला नाही म्हणतात. म्हणून लोकं जाळतात. नुसतं ज्ञान देऊन काय होत नाही.

टेंभुर्णी_उसवाला:
@कुर्डुवाडी_जंक्शन आगीचं मान्य, त्याला कडेनं दोन सऱ्या मोकळ्या ठेवायच्या आणि पाचटाला पाणी लवकर द्यायचं, ओलं पाचट पेटत नाही. उंदरांचं आमच्याकडं पण हाय, कुट्टी केली की कमी होतंय. पाचटाची कुट्टी करणारा मल्चर भाड्यानं मिळतो आता. ब्रिकेट मशीनच्या पैशात गटानं एक मल्चर आणि एक श्रेडर घेतला तर वर्षभर भाड्यानं चालंल, हे माझं स्पष्ट मत.

सांगोला_भगवा:
डाळिंबाची छाटणी मात्र खुशाल न्या, उलट आमच्यावर उपकार होतील. तेल्या रोग आलेल्या फांद्या आणि खोडकिड्याची झाडं बागेच्या कडेला ढीग मारून ठेवली की तिथूनच परत बागेत येतं. केगावच्या डाळिंब संशोधन केंद्राची लोकं पण हेच सांगतात, छाटलेलं बाहेर काढा आणि नष्ट करा. लाकूड बारीक असतं पण घट्ट, चांगलं जळतं. एकच अट, छाटणीनंतर लगेच उचला, आणि नेताना दुसऱ्याच्या बागेजवळ ट्रॉली लावून चहाला बसू नका. बाकी कडब्याचं नावच काढू नका कुणी, मालदांडीचा कडबा जाळायचा असेल तर म्हशींपुढं आधी उभं राहून सांगा.

भीमाकाठ_शोभा:
मी पंढरपूर तालुक्यातली, घरी पाच पंढरपुरी म्हशी. तुमच्या काकूंचा प्रश्न सगळ्यांनी सोडूनच दिला, म्हणून लिहिते.

घरासाठी ब्रिकेट नको, गोबरगॅस बघा. आमच्याकडं २ घनमीटरचा दीनबंधू प्लांट आहे, जमिनीखाली विटांचा घुमट असतो तो. तरंगत्या लोखंडी टाकीचा पण येतो, तो सोपा आहे, गॅस किती शिल्लक ते टाकी वर आली की दिसतं, पण टाकी गंजते, दरवर्षी रंग लावावा लागतो. दीनबंधूत गंजायला काही नाही, मात्र गवंडी जाणता पाहिजे, घुमटाला आतून बारीक चीर राहिली की आयुष्यभर गॅस गळतो आणि लोकं म्हणतात शेण खराब आहे. गवंडी साधा लावू नका, ज्यानं आधी बांधलेत त्याचा एक प्लांट चालू स्थितीत बघून मगच इसार द्या.

हिशोब असा. १ किलो ताज्या शेणापासून ४० लिटर गॅस. २ घनमीटरला रोज ५० किलो शेण, म्हणजे बांधलेली चार-पाच मोठी जनावरं. रानात चरायला जाणाऱ्यांचं शेण रानात पडतं, ते धरू नका. १ घनमीटर गॅस म्हणजे साधारण ४३० ग्रॅम एलपीजी, तर कागदावर महिन्याला २५ किलो होतं, सिलेंडर १४.२ किलोचा. पण सगळा गॅस वापरात येत नाही, थंडीत कमी पण येतो, सव्वा ते दीड सिलेंडर वाचतो असं धरून चाला. पाच-सहा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक आणि चहा निघतो, भाकरी पण. सुरुवातीला भरल्यावर तीन-चार आठवडे धीर धरायचा, पहिला गॅस पेटत नाही, तो सोडून द्यायचा.

एजंट जे सांगत नाहीत ते मी सांगते. पाइपात पाणी साठतं. ज्योत भप्-भप् करायला लागली, मधीच विझली, की बाया म्हणतात गॅस संपला. गॅस संपलेला नसतो, वाफेचं पाणी पाइपाच्या खोलगट जागेत बसलेलं असतं. म्हणून पाइपाला उतार द्यायचा आणि सगळ्यात खाली पाणी काढायचा नळ बसवायचा. आमच्या आळीत एक चांगला प्लांट ह्या एका कारणानं बंद पडून त्यावर आता वैरण ठेवतात. दुसरं, गोठा फिनाईलनं धुतलेलं पाणी प्लांटमध्ये जाऊ द्यायचं नाही, जिवाणू मरतात.

आणि खरी कमाई गॅसची नाहीच, स्लरीची, म्हणजे प्लांटमधून बाहेर येणाऱ्या पातळ शेणाची आहे. गवऱ्या थापून जाळल्या की शेण गेलं. प्लांटमधून आलेलं शेण खत म्हणून तसंच हातात राहतं, नत्र पण टिकतं, तणाचं बी बरंचसं मेलेलं असतं. आमची स्लरी खड्ड्यात पाचटावर सोडतो आम्ही, काय खत होतं म्हणून सांगू, बागवाले दारात ट्रॉली घेऊन येतात.

अनुदान २ ते ४ घनमीटरला १४,३५० रुपये असं होतं केंद्राच्या कार्यक्रमात, अनुसूचित जाती-जमातीला जास्त. पंचायत समितीच्या कृषी विभागात जाऊन चालू वर्षाचं टार्गेट आणि रक्कम विचारा, बांधून झाल्यावर अर्ज करत बसू नका.

वैराग_कट्टा:
ताई एकदम डिटेल सांगितलं, धन्यवाद. पण ज्यांच्याकडं जनावरंच नाहीत त्यांचं काय, मजुराची घरं हायत बरीच. सगळ्या गावाचा एक मोठा प्लांट होईल का, पाइपनं घरोघरी गॅस?

भीमाकाठ_शोभा:
एकत्र प्लांटच्या नादी सुरुवातीला लागू नका. पहिल्या महिन्यात सगळे पाट्या भरून शेण आणतात, मग ज्याच्या म्हशी जास्त तो म्हणतो मी जास्त घालतो तर गॅस सारखाच का, आणि स्लरी कुणी न्यायची ह्यावर भांडण. दूध डेअरीसारखं शेण मोजून घ्यायचं आणि पैसे द्यायचे असं चालवलं तरच टिकतं, आणि मोजणारा पगारी माणूस लागतो. चार म्हशीवाल्यांनी आपापले प्लांट बांधू द्या आधी.

मेकॅनिकलवाला:
बिनजनावराच्या घरांना तुराट्याच ठेवा ना मग, चांगल्या धुराड्याच्या चुलीत. तुरीचं बरं आहे, पाला तर आधीच गळून रानात पडलेला असतो, मुळाच्या गाठी पण जमिनीत, त्यामुळं काडी नेली तरी रानाचं फार जात नाही. म्हणून मी म्हणतो लाकूडवजा माल जाळा, पाल्याचा माल रानात घाला. ह्याच्यापलीकडं मोठं शास्त्र नाही.

पाचटावर बरेच प्रयोग झालेत तसे. पुण्याच्या आरती संस्थेला पाचटाचा कोळसा करण्याच्या कामासाठी २००२ साली ब्रिटनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला, डॉ. आनंद कर्वे यांचं काम. त्याच कोळशावर चालणारा सराई कुकर, शंभर-दीडशे ग्रॅम कोळशात घरचं जेवण. फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेनं १९९० च्या दशकात पाचटासारख्या मोकळ्या मालाचा गॅसिफायर, म्हणजे माल अर्धवट जाळून गॅस करणारी भट्टी, केला होता. तंत्रज्ञान दोन्हीकडं चाललं. गॅसिफायरवर वीज पण होते, युनिटला किलो-सव्वा किलो लाकूड, पण गॅसमधलं डांबर धुवायला रोज माणूस लागतो, नाही धुतलं की इंजिन चिकटतं. नुसत्या विजेसाठी गावानं सोलर पॅनल लावावेत, त्यात वाद नको.

करमाळा_बॅकवॉटर:
कुणी वेड्या बाभळीचं नाव काढंना. आमच्याकडं उजनीच्या काठानं नुसतं रान माजलंय, कोळसा भट्टीवाले तोडून नेतात आणि परत खोडातनं फुटतंच. वर्षभर मिळतं, पावसाळ्यात पण, भिजली तरी लाकूडच ते, वाळतं. तुरीच्या तीन महिन्याच्या सीझनला जोड म्हणून हेच धरा. जागा कुणाची हाय आणि परवाना लागतो का ते तलाठ्याला विचारून घ्या मात्र, नंतर गाडी अडवली की मशीनवाला येत नाही सोडवायला. आणि ट्रॅक्टरचे टायर ह्याच्या काट्यानं पंक्चर होतात तो खर्च वेगळा.

डाईंग_बॉयलर:
बाभळीचे तुकडे आम्ही तसेच घेतो, कांडी करायची गरजच नाही. नुसता चिपर घेऊन, वाळवून, पोत्यात भरून दिलं तरी चालतं. वीज पण वाचली. वैरागकर, पहिल्या वर्षी मशीन न घेता तुराट्या आणि डाळिंबाचं लाकूड श्रेडरमधून काढून वाळलेला चुरा एखाद्या चालू ब्रिकेटवाल्याला विकून बघा. गोळा करायला खरंच किती खर्च येतो ते कळंल, मग लोनचं बघा.

वैराग_कट्टा:
हे पटलं. पोरांना ३३०० एकराचा हिशोब दाखवला तर एकजण म्हणला "मग आजूबाजूच्या गावांना पण गटात घेऊ", म्हणजे उत्साह काय कमी नाही. श्रेडर भाड्यानं आणून ह्या तुरीला करून बघायचं असं चाललंय, एजंटला लेटरहेड मागितलं तर "पाठवतो" म्हणला, अजून पाठवलंय कुठं.

ताई एक शेवटचं. ५० किलो शेणाला पाणी पण तेवढंच लागतं ना? आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये टँकर असतो, काकू म्हणतात प्यायला नाही आणि प्लांटला कुठून घालू.

भीमाकाठ_शोभा:
लागतं तेवढंच, रोजचं ५० लिटर. पण सगळं नवं नाही लागत. स्लरीच्या खड्ड्यात वर जे पातळ पाणी येतं ते परत शेणात कालवायला घ्यायचं, निम्मं तरी भागतं, उलट त्यात जिवाणू असतात. जनावराचं मूत आणि गोठा धुतलेलं पाणी घ्या, फिनाईल नसलेलं. अगदीच टंचाई असली तर मे महिन्यात निम्मं शेण घाला, गॅस निम्मा येईल पण प्लांट मरणार नाही. रिकामा मात्र ठेवायचा नाही, एकदा आत वाळून घट्ट झालं की उकरून काढायला लागतं.

काकूंना घेऊन या की एकदा, प्लांट चालू बघून घेतील. सकाळी दहानंतर या, त्याच्या आधी धारा असतात आणि मी बोलत नाही कुणाशी.